डावी खिडकी

दुकान उघडून दहा मिनिटं झाली नव्हती,
नेलिदा कार्वाहाल काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभी.
गुरुवारी बहीण येतेय विमानानं, म्हणाली.
जुळी. माझ्याहून सात मिनिटांनी मोठी.
मला तिच्यासारखं करून दे.

फोटो दाखवला.
मिर्ता. पुएर्तो मोंतच्या पोस्टात नोकरी,
सदा ढग, सदा छत्री,
सोललेल्या बदामासारखा एकरंगी चेहरा.

आणि ही?
उजवीकडून बघितलं तर मिर्ताच.
डावीकडून कलामा.
अठ्ठावीस वर्षं सान पेद्रोची बस चालवली,
सकाळचं ऊन रोज डाव्या खिडकीशी
तिकीट न काढता बसलेलं.
गालावर मसुराएवढे डाग,
कानापाशी एक चवलीएवढा.
उन्हानं केस पांढरे झाले नाहीत, असं लोक नुसतं म्हणतात.
हिचे झालेत. तेही डावीकडचेच जास्त.

मी यास्ना, एकतीस वर्षांची,
माझ्या कपाळाला अजून काही झालेलं नाही,
म्हणून शिकवायचा सूर जरा वरचाच लागतो:
आधी क्रीम. मग थांबायचं. कातडीला पिऊ द्यायचं.
घाई केली की रंग सुरकुतीत जाऊन बसतो,
बरणीच्या तळाशी मीठ बसतं तसा.
ओढायचं नाही, टिपायचं.
आणि पावडर अगदी हातचं राखून.

"थांबायचं मला येतं," ती म्हणाली,
"अर्धं आयुष्य रेल्वे फाटकावर गेलंय."

नेहमीप्रमाणे हनुवटीखाली रंग लावून पाहिला
तर मान तिसऱ्याच रंगाची निघाली.
इतकी वर्षं रुमालाखाली राहिलेली,
शाळेतल्या मुलीची मान.
दोघी जरा गप्प झालो.
मग तिनं विचारलं,
"यातली चुकलेली कुठली?"

मी बाटली हलवत राहिले,
हलवून झाली होती तरी.

डागांवर आधी केशरी, टाचणीच्या टोपीएवढं.
त्यावर मधाचा रंग, ओल्या स्पंजनं.
उजव्या गालाला त्यातलाच बोटभर, थोडी ऊब यावी म्हणून.
म्हणजे डावीला पाच पावलं मागे आणलं,
उजवीला दोन पावलं पुढे,
आणि नाकाच्या दांडीवर दोघींची गाठ घालून दिली.
मानेवर नुसताच रिकामा स्पंज फिरवला.
तिथे काही करावंसं वाटेना.

ट्यूबलाइटवर भरवसा ठेवायचा नाही.
हातात आरसा देऊन तिला फुटपाथवर नेलं.
तिनं आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे,
गाडी रस्त्याला काढण्याआधी बघतात तसं.
"मिर्ता," आरशाला म्हणाली.
मग किंमत विचारली.
दोन्ही बाटल्या घेतल्या, स्पंज नाही.
"बोटं आहेत की."

शुक्रवारी दुपारी दोघी आल्या,
एकसारखे निळे स्वेटर घालून.
रंग बोटांनीही छान बसला होता.
कानामागे एखादी रेघ राहिलीय का,
ते बघायला मी मुद्दाम वाकले.
एकीच्याही नव्हती.
मिर्ताला, किंवा नेलिदाला, लिपस्टिक हवी होती.
एकीनं सुरू केलेलं वाक्य दुसरी संपवायची,
आणि मी दोघींना नुसतं "बाई, बाई" म्हणत
वेळ मारून नेत होते.

तेवढ्यात कुणीतरी दार ढकललं.
उन्हाची पट्टी आत आली,
आमच्या चपलांपर्यंतच, चेहऱ्यापर्यंत नाहीच.
तरी एकीचा डावा डोळा आपसूक बारीक झाला
आणि डावा हात वर गेला,
दुकानाच्या छपराखाली,
तिथे नसलेली झडप
खाली ओढायला.